रिपोर्टमधला जो

"बाबू, हा जो कोन होय रे?"

नागपूरहून परत येताना गाडीत मोठ्या आईनं हे विचारलं. समृद्धी महामार्गावरून शेलूबाजारचा फाटा यायला अर्धा तास बाकी होता. तिच्या मांडीवर फाइल होती. मोठी आई सातवी शिकलेली आहे. इंग्रजी अक्षरं जुळवत वाचते, आणि जे वाचते ते सोडत नाही. मायोसायटिस प्रोफाइल नावाच्या रिपोर्टमध्ये सोळा-सतरा ओळी होत्या आणि एका ओळीपुढे तीन अधिकची चिन्हं होती. त्या ओळीत लिहिलं होतं, जो-१.

"टेस्टचं नाव आहे," मी म्हटलं.

"टेस्टचं नाव असं मानसासारखं?"

मी गाडी चालवण्यात गुंतल्यासारखं केलं. मला माहीतच नव्हतं. मी पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जीवशास्त्राचं एक पानही वाचलं नाही. पुढचे काही महिने रात्री जेवण झालं की मी हा जो कोण ते शोधत बसायचो. कधी कधी वाटतं, आजारापेक्षा याच शोधात मी जास्त वेळ घातला. आजारापुढे आपलं काही चालत नाही, शोधात निदान कीबोर्ड तरी बडवता येतो.

आधी आजाराचं सांगतो.

२०२३ ची सोयाबीनची सोंगणी झाली आणि मोठ्या आईला कोरडा खोकला लागला. गावातल्या दवाखान्यात धुळीचा खोकला म्हणून औषध मिळालं. शेंगदाणे भाजले तरी ज्या घरात खोकला येतो, तिथं सोंगणीच्या दिवसांत खोकल्याकडे कोण बघणार? मग हाताची बोटं फाटायला लागली. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या कडेला भेगा, त्यांत काळी रेघ. "वावरातल्या बाईचे हात असेच असतात," असं तीच म्हणायची. दिवाळीनंतर तिला चुलीपुढून उठताना हात टेकावा लागायला लागला. दोरीवर कपडे वाळत घालताना हात वर राहायचे नाहीत. अंबाडा घालायला ती माझ्या चुलत बहिणीला बोलवायला लागली.

अकोल्यात रक्त तपासलं. एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले निघाले. लिव्हरचा त्रास, कावीळ असेल, असं ठरलं. कुणीतरी झाडपाल्याचं औषधही आणलं, आणि मोठ्या बाबांनी तिला तेल-तिखट बंद केलं. एसजीओटी आणि एसजीपीटी स्नायूंमध्येही असतात, स्नायू तुटायला लागले तरी ते रक्तात वाढतात, हे मला फार उशिरा कळलं. स्नायूंचं खास असं एक एन्झाइम आहे, सीके. त्या वेळी ते कुणी मोजलंच नाही.

जानेवारी २०२४ मध्ये एका डॉक्टरांना संधिवाताच्या जातीचं काही असावं अशी शंका आली आणि त्यांनी एएनए नावाची तपासणी लिहून दिली. रिपोर्ट माझ्या ईमेलवर आला. मी हिंजवडीत मीटिंगमध्ये होतो. पीडीएफ उघडली, ठळक अक्षरांत 'निगेटिव्ह' दिसलं, आणि तिथूनच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'एएनए निगेटिव्ह, काळजीचं कारण नाही.' बारा जणांनी हात जोडलेले इमोजी टाकले.

त्या रिपोर्टच्या खाली लहान अक्षरांत आणखी एक ओळ होती. सायटोप्लाझ्मिक फ्लुओरेसन्स आढळला, असं तिच्यात म्हटलं होतं. ती मी वाचली नाही. आमच्या कामात 'बिल्ड यशस्वी' असं हिरव्या अक्षरांत आलं की वरच्या शंभर वॉर्निंग कुणी वाचत नाही, तसंच.

त्या ओळीचा अर्थ समजायला आजाराचा इतिहास थोडा मागे जाऊन बघावा लागतो.

लाइपझिगच्या एर्न्स्ट वॅग्नर यांनी १८६३ मध्ये एका रुग्णाचं वर्णन केलं. स्नायू सुजलेले, अशक्त झालेले, आणि सोबत त्वचेवर चट्टे. पुढे हाइनरिश उनफेरिख्ट यांनी अशाच रुग्णांवर लिहिलं आणि १८९१ मध्ये या आजाराला डर्मेटोमायोसायटिस हे नाव दिलं. डर्मा म्हणजे त्वचा, मायो म्हणजे स्नायू. नावात फुप्फुस कुठेच नाही, आणि ते तसंच राहून गेलं. १९५६ मध्ये मिल्स आणि मॅथ्यूज या दोन डॉक्टरांनी डर्मेटोमायोसायटिसच्या रुग्णात फुप्फुसाच्या जाळीला आलेली सूज नोंदवली, तोपर्यंत जवळजवळ शतक गेलं होतं. त्यानंतरही वीसेक वर्षं ही दुर्मीळ योगायोगाची गोष्ट मानली जात होती. १९७५ मध्ये बोहान आणि पीटर यांनी आजार ओळखण्याचे जे निकष ठरवले, ते जगभर वापरले गेले. त्यांत स्नायूंची अशक्तता होती, एन्झाइम होती, स्नायूचा तुकडा काढून बघणं होतं, त्वचेचे चट्टे होते. फुप्फुस नव्हतं. रक्तातली अँटीबॉडीसुद्धा नव्हती.

अँटीबॉडी बघायची कशी, याची युक्ती मात्र तेव्हा तयार होती. स्वीडनच्या ऑर्यान ओख्टरलोनी यांनी १९४० च्या दशकात ती बसवली होती, आणि मला आजवर कळलेल्या प्रयोगांपैकी हा सगळ्यात स्वस्त आणि देखणा वाटतो. अगारची जेली काचेवर पसरायची. हा अगार म्हणजे आपण उपवासाच्या पुडिंगमध्ये घालतो तो चायना ग्रास. जेलीत जवळजवळ दोन छोटे खड्डे पाडायचे. एकात पेशींचा अर्क, त्या काळी बहुतेक वेळा वासराच्या थायमस ग्रंथीचा. दुसऱ्यात रुग्णाच्या रक्तातलं सीरम. मग झाकून ठेवायचं. दोन्ही द्रव जेलीतून हळूहळू एकमेकांकडे सरकतात. सीरममध्ये त्या अर्कातल्या एखाद्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी असेल, तर दोघं जिथं भेटतात तिथं एक-दोन दिवसांत बारीक पांढरी रेघ उमटते. मशीन नाही, आकडा नाही, नुसती रेघ.

रेघ उमटली म्हणजे या माणसाचं शरीर स्वतःच्याच पेशीतल्या कशावर तरी धावून जातंय, एवढं नक्की झालं. पण कशावर? ते ओळखायला त्या काळी साधन नव्हतं. मग नवीन रेघ सापडली की तिला नाव काय द्यायचं? संशोधकांनी सोपा मार्ग काढला. ज्या रुग्णाच्या रक्तात ती पहिल्यांदा दिसली त्याच्या नावाची पहिली अक्षरं. १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टॅन आणि कुंकेल यांना ल्युपसच्या एका तरुणीच्या रक्तात रेघ सापडली. तिचं आडनाव स्मिथ, म्हणून एसएम. मग १९६९ मध्ये रो आणि १९७४ मध्ये ला. आज जगातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये ही नावं दिवसाला हजारदा छापली जातात.

रो आणि ला या दोन्ही शोधांत एक नाव सारखं आहे, मॉरिस राइखलिन. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात ते काम करत. त्यांच्या प्रयोगशाळेत मासाहिको निशिकाई नावाचे जपानी डॉक्टर मायोसायटिसच्या रुग्णांची सीरमं जेलीत लावून बघत होते. १९८० मध्ये दोघांनी लेख छापला. मायोसायटिसच्या काही रुग्णांत एक वेगळीच रेघ येते असं त्यात होतं. ती ज्याच्या रक्तात आधी दिसली त्या रुग्णाचं पहिलं नाव जॉन. त्याची पहिली दोन अक्षरं घेतली आणि पुढे एक आकडा लावला. जो-१.

त्या जॉनला स्नायूंचा आजार होता. आणि त्याच्या फुप्फुसांनाही जाळीचा आजार होता.

हे वाचलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. मोठ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. टेस्टचं नाव माणसासारखं होतं, कारण तो माणूसच होता. मराठीत 'जो' म्हटलं की पुढे 'तो' यायची वाट बघावी लागते. इथं तो पहिल्याच रुग्णात आलेला होता, फुप्फुस. फक्त एका रुग्णावरून नियम बांधता येत नाही, म्हणून कुणी तसं म्हणायला धजावलं नसेल. १९८३ मध्ये जपानी संशोधकांच्या एका गटानं ते मांडलं. ही रेघ ज्यांच्या रक्तात येते, त्यांच्या स्नायूंच्या आजारासोबत फुप्फुसं कडक होण्याचं प्रमाण फार जास्त आहे, म्हणून ही अँटीबॉडी म्हणजे त्याची खूण समजावी. स्नायूंच्या आजारात रक्ताच्या तपासणीनं फुप्फुसाबद्दल आधी सांगितलं, असा रस्ता इथून सुरू होतो.

त्याच वर्षी मायकेल मॅथ्यूज आणि रॉबर्ट बर्नस्टीन यांनी 'नेचर'मध्ये रेघेपलीकडचं प्रथिन ओळखलं. इथं शेलूबाजारचा बाजार मदतीला येतो. असं समजा की यार्डात वीस प्रकारचा माल येतो आणि वीस हमाल आहेत. प्रत्येक हमाल एकाच मालाला हात लावतो. सोयाबीनचा हमाल फक्त सोयाबीन सोयाबीनच्या गाडीत टाकणार, तुरीचा फक्त तूर. पेशीत वीस अमिनो आम्लं असतात, ती वाहून नेणाऱ्या गाड्यांना टीआरएनए म्हणतात, आणि माल गाडीत चढवणारी जी एन्झाइम असतात ती सिंथेटेज. या भरलेल्या गाड्यांमधून ओळीनं माल उतरत गेला की प्रथिन तयार होतं. जो-१ म्हणजे हिस्टिडिन नावाच्या अमिनो आम्लाचा हमाल. जॉनचं शरीर त्या एका हमालाच्या मागे लागलं होतं. नंतर दुसऱ्या रुग्णांत दुसऱ्या हमालांविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या. पीएल-७ थ्रिओनिनचा, पीएल-१२ ॲलॅनिनचा. एकूण आठांची नावं पुस्तकांत असतात. या सगळ्यांना मिळून अँटिसिंथेटेज सिंड्रोम म्हणतात. त्यात खोकला-दम, स्नायूंची अशक्तता, सांधेदुखी, ताप, थंडीत बोटं पांढरी पडणं, आणि बोटांच्या कडेच्या भेगा असं एकत्र येतं.

त्या भेगांना नाव आहे, मेकॅनिकचे हात. १९७९ मध्ये ज्या डॉक्टरांनी ती खूण नोंदवली त्यांना ते हात गॅरेजमध्ये ग्रीसमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या हातांसारखे दिसले. ज्या बाईनं आयुष्यात पाना धरला नाही तिचे हात असे कसे, म्हणून त्यांचं लक्ष गेलं. आमच्याकडे अडचण इथंच आहे. मोठ्या आईनं पाना धरला नव्हता, पण विळा धरला होता, राखेनं भांडी घासली होती, शेण काढलं होतं. तिचे हात असे का, हा प्रश्न कुणाला पडणार? मला नाही पडला. तिलाही नाही. जी खूण पुस्तकात आहे ती कष्टाच्या हातावर दिसतच नाही.

आता त्या लहान अक्षरांतल्या ओळीकडे येतो.

एएनए म्हणजे अँटिन्युक्लिअर अँटीबॉडी. ही तपासणी पेशीच्या केंद्रकात काही चमकतंय का ते बघते. काचेवर माणसाच्या पेशी वाढवलेल्या असतात, त्यांवर रुग्णाचं सीरम टाकतात, आणि चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ल्युपससारख्या आजारात केंद्रक झगमगतं. पण आपले हमाल केंद्रकात बसत नाहीत. ते बाहेरच्या द्रवात, म्हणजे सायटोप्लाझममध्ये काम करतात. जो-१ विरुद्धची अँटीबॉडी असली तर केंद्रक काळं राहतं आणि भोवतालचा भाग बारीक ठिपक्यांनी उजळतो. लॅबवाला प्रामाणिकपणे लिहितो, केंद्रकाबद्दल विचारलं होतं, ते निगेटिव्ह. मग खाली जोडतो, पण सायटोप्लाझम चमकतंय. आम्ही चुकीच्या फोल्डरमध्ये फाइल शोधली आणि 'फाइल नाही' असा मेसेज घरभर पाठवला.

तीन आठवडे तसेच गेले.

१६ फेब्रुवारी २०२४ रोजी सुहानी भटनागर गेली. 'दंगल'मधली लहान बबिता. वय एकोणीस. दिल्लीच्या एम्समध्ये तिच्यावर उपचार चालू होते, आणि आजाराचं नाव डर्मेटोमायोसायटिस. तिच्या वडिलांनी माध्यमांना सांगितलं की सुरुवात हाताच्या सुजेनं झाली होती आणि शेवटी फुप्फुसांना त्रास झाला. दोन दिवस तो न उच्चारता येणारा शब्द प्रत्येकाच्या फोनवर होता. रात्री चुलत बहिणीचा फोन आला.

"दादा, हे वाचलं का? हात सुजले, उठता येत नव्हतं. माय असंच म्हनते ना?"

मी म्हटलं, आपला रिपोर्ट निगेटिव्ह आहे.

"पन तिला उठता तं येत नाही ना."

या वाक्यापुढे माझी पीडीएफ टिकली नाही. पुढच्या सोमवारी आम्ही नागपूरला गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरनं आधी फाइल बघितलीच नाही. मोठ्या आईला खाली बसून उठायला सांगितलं. मग तिचे दोन्ही तळवे उलटे-पालटे करून बघितले, अंगठ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग पाठीला स्टेथोस्कोप लावून खोल श्वास घ्यायला सांगितला. फुप्फुसांच्या तळाशी वेल्क्रोची पट्टी ओढल्यासारखा आवाज येतोय, असं ती म्हणाली. त्यानंतर फाइल उघडली आणि पहिल्यांदा ती छोटी ओळ वाचली. मला विचारलं, "हे कुणी बघितलं नाही?" मी बघितलं होतं असं मी सांगितलं नाही.

सीके काही हजारांत निघालं. मायोसायटिस प्रोफाइलची पट्टी आली, जो-१ पुढे तीन अधिक. आणि लगेच छातीचा एचआरसीटी. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी जाळी. फुप्फुसात हवा किती मावते ती तपासणी अपेक्षेच्या ६२ टक्क्यांवर. आमच्यासाठी ती फक्त खोकत होती. दम लागतो असं ती कधी म्हणालीच नव्हती, कारण अशक्तपणामुळे दम लागेल इतकी चालतच नव्हती. हे त्या डॉक्टरनं समजावलं तेव्हा मला लाज वाटली. स्नायूंच्या आजारानं फुप्फुसाचा आजार झाकून ठेवला होता. म्हणूनच रक्तातली खूण महत्त्वाची असते. ती रुग्ण तक्रार करेपर्यंत थांबत नाही.

जो-१ चं वागणं तसं विचित्र आहे. हिस्टिडिनचा हमाल शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो, मग शरीर फक्त स्नायूंवर आणि फुप्फुसांवर का धावून जातं? २००७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दाखवलं की फुप्फुसात या प्रथिनाची घडी थोडी वेगळी असते. तेव्हापासून एक विचार असा आहे की ही भांडणं फुप्फुसात सुरू होतात आणि मग स्नायूंकडे जातात. बऱ्याच रुग्णांत खोकला आधी आणि अशक्तपणा नंतर येतो. मोठ्या आईचं तसंच झालं होतं. तिचा पहिला खोकला धुळीचा होता की जॉनचा, हे आता कोण सांगणार.

जपानचा उल्लेख या गोष्टीत सारखा येतो, आणि त्याला कारण आहे. फुप्फुसाच्या जाळीच्या आजारावर त्यांनी रक्ताच्या खुणा नेटानं शोधल्या. केएल-६ नावाची खूण घ्या. हे जर्मन शब्दांचं लघुरूप आहे, 'क्रेब्स फॉन डेन लुंगेन', म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग. नोबुओकी कोहनो आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकात कर्करोगाची खूण शोधत होते. जे सापडलं ते कर्करोगापेक्षा जाळीच्या आजारात जास्त वाढलेलं दिसलं. फुप्फुसाच्या हवेच्या पिशव्यांचं अस्तर जखमी होऊन पुन्हा वाढायला लागलं की हा चिकट पदार्थ रक्तात उतरतो. जपानमध्ये १९९९ पासून ती विम्यात बसणारी रोजची तपासणी आहे. कॅन्सरसाठी बनवलेली गोष्ट नाव न बदलता दुसऱ्याच कामाला लागली, हे आमच्या कंपनीतल्या निम्म्या कोडबद्दलही म्हणता येईल.

पण अँटीबॉडी आणि केएल-६ यांत फरक आहे. अँटीबॉडी सांगते की कुठे बघायचं. केएल-६ सांगते की तिथं आत्ता किती जळतंय. पहिली एकदा तपासली की बहुतेक वेळा पुरते, दुसरी पुन्हा पुन्हा तपासावी लागते. आमच्या जवळच्या कुठल्याच लॅबमध्ये केएल-६ होत नव्हती, म्हणून आमचा भरवसा एचआरसीटीवर आणि त्या नळीत फुंकण्याच्या तपासणीवर.

आणि जो-१ ही या घराण्यातली त्यातल्या त्यात सौम्य खूण. सगळ्यात भीतीदायक खूण २००५ मध्ये टोकियोच्या केइओ विद्यापीठातल्या सातो, कुवाना आणि सहकाऱ्यांनी नोंदवली. डर्मेटोमायोसायटिसचे ४२ रुग्ण तपासले. त्यांतल्या आठ जणांच्या रक्तात १४० किलोडाल्टन वजनाच्या एका अनोळखी प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी होती. या आठही जणांना त्वचेचे चट्टे होते, पण स्नायू जवळजवळ शाबूत. म्हणजे स्नायूंच्या आजाराच्या नावाखाली स्नायूच न बिघडलेले रुग्ण. आणि त्यांतल्या निम्म्यांची फुप्फुसं वेगानं बिघडली होती. हे प्रकरण वर्षांचं नसतं, आठवड्यांचं असतं. २००९ मध्ये त्याच गटानं प्रथिन ओळखलं, एमडीए-५. ते आधी मेलानोमाच्या पेशींवरच्या प्रयोगात सापडलेलं होतं म्हणून नावात मेलानोमा, आणि त्याचं खरं काम पेशीत घुसलेल्या विषाणूचा आरएनए ओळखून गजर वाजवणं. गजर वाजवणाऱ्यावरच शरीर धावून जातं. या रुग्णांत फेरिटिन जितकं चढतं तितका धोका जास्त, हेही जपान्यांनीच दाखवलं. फेरिटिन आपल्याकडे बायकांच्या रक्तात लोह कमी आहे का ते बघायला लिहून देतात. इथं तोच आकडा उलट्या टोकाला वाचायचा. २०२० मध्ये करोनाच्या वॉर्डांत डॉक्टरांनी सीटीवरचे डाग आणि चढलेलं फेरिटिन बघितलं, तेव्हा अनेकांना एमडीए-५ चे रुग्ण आठवले.

खूण आधी कळण्यानं नेमकं काय बदलतं, याचं उत्तरही त्याच वर्षी छापून आलं. पूर्वी एमडीए-५ च्या रुग्णाला आधी स्टेरॉइड देत, उतार पडला नाही तर दुसरं औषध, मग तिसरं. जपानमधल्या एका गटानं अँटीबॉडी सापडताच तिन्ही औषधं एकदम सुरू केली. सहा महिन्यांनी जगणारे ८९ टक्के होते. जुन्या पायरी-पायरीच्या पद्धतीत ते ३३ टक्के होते. औषधं तीच होती, बदलली ती फक्त वेळ.

हे सगळं वाचताना मला सारखं वाटत होतं, आपल्याकडे काय? शोधत गेलो तर मुंबईच्या केईएममध्ये १९५२ पर्यंत पोचलो. तिथं डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं जे कुठल्याच गटाशी जुळेना. ए नाही, बी नाही, आणि ओ सुद्धा चालत नाही, कारण ओ गटात असलेला एच हा पायाच त्यात नव्हता. जगात त्याला आज बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. अमेरिकेत रेघेला रुग्णाचं नाव मिळालं, आपल्याकडे शहराचं. १९५७ मध्ये मुंबईत रक्तगटांचं राष्ट्रीय संदर्भ केंद्र सुरू झालं, आणि त्याचीच पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था झाली. केईएमच्या आवारात ती आजही आहे, आणि तिथं आता स्वयंप्रतिकार आजारांच्या अँटीबॉडींवरही काम होतं.

दुसरी गोष्ट भिगवणची. उजनीच्या पाण्याकाठी फ्लेमिंगो बघायला जातात ते भिगवण. १९९६ मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमाखाली त्या गावात घरोघर सर्वेक्षण केलं. चार हजारांहून अधिक मोठ्या माणसांना गावातल्याच स्वयंसेवकांनी विचारलं, काय दुखतं, कुठे दुखतं. सुमारे १८ टक्के लोकांना हाडं-सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं. हमरस्त्यावरचं, बाजाराचं गाव, अगदी आमच्या शेलूबाजारसारखं. हा अभ्यास मला फार आवडला, कारण दुखणं मोजायला कुणी दवाखान्यात बसून राहिलं नाही. पण मायोसायटिस लाखात मोजका आजार. एका गावाच्या जाळीत असा मासा सापडत नाही. आणि ज्या गावात पाच माणसांमागे एकाचं काहीतरी दुखतंच, तिथं उठता न येणारी एक बाई त्या गर्दीत सहज मिसळून जाते.

मोठ्या आईला स्टेरॉइड सुरू झालं, सोबत मायकोफेनोलेट. चेहरा सुजला, साखर वाढली, ती चिडचिडी झाली. चार महिन्यांनी तिनं स्वतःचा अंबाडा स्वतः घातला आणि त्याचा फोटो ग्रुपवर आला. त्या ग्रुपवर मी आता रिपोर्ट टाकत नाही. टाकायचा झाला तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचून, आणि तरी शब्दात मत न देता. फुप्फुसाचा आकडा ६२ वरून ७१ वर आला आणि तिथं थांबला. जाळी जिथं झाली ती तशीच राहणार. दोन मजले चढली की ती कठड्याला धरून उभी राहते.

जॉनची गोष्ट मी तिला गेल्या उन्हाळ्यात सांगितली, अंगणात, रात्री लाइट गेलेली असताना. अमेरिकेतला एक माणूस होता, त्याला तुझ्यासारखंच झालं होतं, त्याच्या रक्तात ते आधी सापडलं, म्हणून त्याचं नाव.

तिनं बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "वाचला का तो?"

मला त्याच्याबद्दल तेवढं कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. लेखात फक्त दोन अक्षरं होती.

"त्याले कोनं सांगतलं असंन का, का त्याच्या नावानं साऱ्या दुनियेत टेस्ट होते?" ती म्हणाली, आणि खोकली, आणि पाणी मागितलं.

पुढची तारीख सोयाबीन निघाल्यानंतरची आहे. डॉक्टरनं या वेळी फुंकायची तपासणी आणि सीके, दोन्ही लिहून दिलेत. सोंगणीच्या धुळीत जाऊ नको असं सांगितलंय. ती बांधावर बसणार म्हणते, नाकाला पदर लावून.